ओबो आधी ऐकवा, मग दाखवा

महोदय,

गेल्या महिन्यात नातीला घेऊन पणजीला पाश्चात्त्य संगीताच्या मैफलीला गेलो होतो. आमच्या म्हार्दोळात ऑर्केस्ट्रा म्हटला की जत्रेतला, किशोर-लताच्या गाण्यांचा. हा वेगळा. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच मधल्या ओळीतून कुणीतरी एक लांब सूर धरला आणि मी खुर्चीत सावरून बसलो. माझे वडील देवळात सनई वाजवायचे. वाजवायला बसण्याआधी पाती ओठांत भिजवून ते असाच एक सूर लावून बघत. थोडा नाकातला, पण गर्दी कापत जाणारा.

नातीला विचारले, "हें कोणतें गे?" तिला सांगता येईना. याच पोरीने शाळेच्या प्रकल्पात वाद्यांची चित्रे चिकटवून, खाली नावे लिहून पैकीच्या पैकी गुण आणले होते. चित्र पाठ, आवाजाचा पत्ता नाही.

मध्यंतरात एका वादकाने समजावले. तो ओबो. त्याचा सूर सहज हलत नाही, म्हणून बाकीचे त्याच्या 'ला' या सुरावर वाद्ये जुळवतात. तोंडाशी दोन पात्या, नळी खाली रुंदावत गेलेली. म्हणजे सनईचेच गोत्र. शेजारचा क्लॅरिनेट दिसायला त्याचा भाऊ, पण त्याला पाती एकच आणि नळी सरळ. त्यामुळे आवाज गोल, खालच्या सुरांत तर अगदी सागवानी.

तेव्हापासून रात्री जेवणे झाली की आम्ही दोघे फोन पालथा घालून ऐकतो. बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराने १९४५ साली एका शैक्षणिक चित्रपटासाठी पर्सेलच्या जुन्या चालीवर एक रचना केली. तीत प्रत्येक वाद्य आपापली पाळी घेते आणि शेवटी पिकोलो या छोट्या बासरीपासून सुरुवात करून सगळी त्याच क्रमाने धावत आत शिरतात. पहिल्या रात्री नातीने चार ओळखली, मी तीन. बासून आणि चेलो यांत मी अजून फसतो. तिची युक्ती अशी: सुराचा शेवट सोडा, सुरुवात ऐका. चेलोचा गज तारेवर घासत येतो, बासून फुंकरीने 'प' म्हणत उघडतो.

खरे तर ही वाद्ये आपल्याला परकी नाहीत. चर्चच्या शाळांत सोल्फा (त्यांची सरगम) आणि व्हायोलिन शिकलेल्या गोमंतकीयांनीच मुंबईच्या सिनेसंगीताचे वाद्यवृंद भरले. प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे. आम्ही मात्र पन्नास वर्षे गाणे ऐकले, मागचा ओबो नाही.

म्हणून आयोजकांना विनंती. मैफलीआधी दहा मिनिटे द्या. दिवे मालवून एकेका वाद्यावर एकच ओळ वाजवा, नाव नंतर सांगा. भाषण एक कमी केले तरी वेळ निघेल. शाळांनीही परीक्षेत चित्रांऐवजी आवाज विचारावेत. आणि तो कार्यक्रम कृपया वेळेवर सुरू करा. आमची फोंड्याची शेवटची बस थांबत नाही.

– एक निवृत्त पोस्टमास्तर, म्हार्दोळ