अक्का, तुम्ही पोराच्या शेजारी बसलात

आमच्या बेळगावातल्या वडगावच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या टीचर अक्कांना,

सप्रेम नमस्कार.

अक्का, तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे की" म्हणता आणि धाकटीच्या वजनाचा विषय काढता. म्हणून लिहूनच टाकते. चार लोकांनी वाचावं म्हणून उघडच लिहिते.

थोरला तुमच्या पटावर कधीच नव्हता. त्याला आम्ही फी भरून इंग्लिश मीडियमला घातलं. शाळेचं नाव घेत नाही, घेण्यासारखं काही उरलेलं नाही. यूकेजीत रोज पानं भरून लिखाण. फळ्यावरचं उतरवताना ह्याची ओळ सुटायची, सहाचा नऊ व्हायचा, 'बी'चा 'डी' व्हायचा. मीटिंगला गेलं की एकच रेकॉर्ड: लक्ष नाही, आळशी आहे, घरी अभ्यास घेता की नाही? एक मॅडम तर त्याच्यादेखत म्हणाल्या, "चष्मा लावा नाहीतर ट्यूशन लावा." डोळे दाखवून आणले. डॉक्टर म्हणाले, नजर चांगली आहे. मग शाळेच्या लेखी एकच उत्तर राहिलं, पोरगं ढ. पाच वर्षांचं पोरगं! एवढी घाई तर आमच्याकडं लग्न ठरवायलाही करत नाहीत.

तुमच्या ध्यानात आलं ते चपलांवरनं. धाकटीला न्यायला आलो होतो. दारात चपलांचा ढीग, आणि हा त्यात स्वतःची चप्पल शोधत उभा. ती त्याच्या पायापुढंच होती. मी उचलून देणार, तर तुम्ही हातानं मला थांबवलंत. "दिसतंय त्याला," म्हणालात, "गर्दीतनं वेगळं काढायला जमंना झालंय." इतक्या महिन्यांत, इतक्या शिकलेल्या माणसांत, हे कुणी बोललं नव्हतं. डोळ्याला दिसणं एक, आणि दिसलेल्यातनं हवं ते निवडणं, त्याचा आकार ओळखणं, वरखाली-डावंउजवं ठरवणं, हे काम मेंदूचं. ते लहानपणी खेळता खेळता तयार होत असतं, कुणाचं लवकर, कुणाचं सावकाश. सहा-सात वर्षांपर्यंत कित्येक मुलं अक्षर उलटं काढतात, हेही तुमच्याकडनंच कळलं. त्या रात्री घरात बऱ्याच दिवसांनी सगळे निवांत जेवले.

पण मला लिहायचं आहे ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. तुम्ही त्याच्या हातात पाटी दिलीत आणि खाली बसलात. तुमचे गुडघे किती दुखतात ते गल्लीला माहीत आहे, पायरी चढतानाही कठडा धरता. तरी फरशीवर बसलात, आणि समोर नाही, शेजारी. पाटी अर्धी तुमच्या मांडीवर, अर्धी त्याच्या. "आता दोघांना सारखंच दिसतंय, होय की नाही?" एवढंच बोललात. मी नंतर किती वेळ त्याचाच विचार करत होते. समोर बसलेल्या माणसाचा उजवा हात पोराच्या डाव्या अंगाला येतो, त्यानं स्वतःपुरतं सरळ काढलेलं अक्षर पोराला उलटं दिसतं. आधीच ज्याला डावं-उजवं सांभाळत नाही, त्याच्यापुढं टेबलापलीकडनं बोट नाचवून "असं नाही, असं" म्हणत राहायचं, हाच तोवरचा सगळ्यांचा उपाय. तुम्ही जागा बदललीत. खांद्याला खांदा लागला तसा तो जरा सैल झाला, खडू दाबून धरायचा तोही सैल झाला.

पुढं अंगणवाडी सुटल्यावर तुमचे खेळ सुरू झाले. ताटात चवळी आणि काळे वाटाणे, निवडून वेगळे करायचे. ते जमलं की चवळीत हुलगे, मग हुलग्यात मटकी, म्हणजे दरवेळी फरक थोडा कमी. फुटक्या बांगड्यांच्या जोड्या. फरशीवर चार चार ठिपक्यांची रांगोळी, तुम्ही दोन रेघा जोडायच्या, त्यानं शेजारच्या ठिपक्यांवर तशाच ओढायच्या. पळी फडक्याखाली झाकून नुसता दांडा बाहेर ठेवायचा आणि विचारायचं, काय आहे सांग. ताटलीत पाच वस्तू, डोळे मिट, मी एक काढली, कुठली? ह्याला ना वर्कबुक लागलं ना ॲप. अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, पण त्याच्या कितीतरी आधी, १९४५ साली, बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी बोर्डी गावात अंगणात पोरं जमवून बिया-खड्यांवरच शिकवायला सुरुवात केली होती. आमच्या शाळेच्या रंगीत माहितीपत्रकात परदेशी पद्धतीचं मोठं नाव छापलं होतं, खडा मात्र एक नाही.

आणि हे सगळं कुणी करावं? तुमचं घरचं कानडी. ह्या गावात १९५६ पासून भाषेवरनं काय काय चाललंय ते सांगायला नको. तुम्ही माझ्या पोराशी पहिल्यापासून मराठीत बोललात, आणि कानडी अक्षरंही तुम्हीच गोडीनं दाखवलीत. द, ध, थ एकाच घडणीचे, एकाला खाली रेघ, एकाला रेघ आणि पोटात टिंब. तो टिंब शोधायला आता बस स्टँडवरच्या पाट्या वाचत सुटतो. वजनं, पोषण आहार, सर्व्हे, निवडणूक आली की तीही कामं, वर मानधन केवढं ते काढत नाही, लाज आपल्यालाच वाटायला हवी. तरी पटावर नसलेल्या पोरासाठी माणूस फरशीवर बसतं. चांगुलपणाला पद लागत नाही, पगारही लागत नाही, हे म्हणायला सोपं आहे. मी मात्र तो आमच्या गल्लीत बघितला.

अजून घ आणि ध मध्ये अडखळतो. पण अडखळल्यावर रडत नाही, "थांब, बघतो" म्हणतो. पुढच्या जूनपासून त्याला गल्लीच्या मराठी शाळेत घालतोय, दाखला काढून झाला.

मागाच्या कांड्या भरताना उरलेले धागे तुम्ही मागितले होते. पिशवी भरली आहे, सोमवारी धाकटीबरोबर पाठवते. लाल आणि कुंकवी मुद्दाम जास्त घातलेत, तेवढे दोन तो अजून एकाच ढिगात टाकतो.

तुमची,
मागावरच्या घरातली थोरल्याची आई