सत्तरीतला मॉल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमुक मॉल बंद पडला, तमुक मॉलच्या जागी टॉवर येणार, अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. म्हणून न पडलेल्या एका मॉलविषयी चार ओळी लिहितो. जमल्यास छापा.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनीयापोलिस शहराला खेटून ईडायना नावाचं उपनगर आहे. तिथला साउथडेल मॉल 8 ऑक्टोबर 1956 रोजी उघडला. येत्या ऑक्टोबरात त्याला सत्तर वर्षं पूर्ण होतील. सगळीकडून बंद, छप्पर असलेला, आतली हवा थंडीत उबदार आणि उन्हाळ्यात गार ठेवणारा अमेरिकेतला हा पहिला मोठा मॉल. आपल्याकडे ज्याला मॉल म्हणतात, त्या सगळ्यांचा हा पणजोबा.

माझी मुलगी त्या भागात राहते. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं ऐन हिवाळ्यात तिच्याकडे होतो. डॉक्टरांनी गुडघ्यासाठी रोज चालायला सांगितलेलं आणि बाहेर गोठलेला बर्फ. ‘बाबा, पडलात तर इथला खर्च परवडायचा नाही,’ असं म्हणून ती ऑफिसला जाता जाता मला साउथडेलला सोडायची. दुकानांची शटरं अजून खाली असायची आणि माझ्यासारखीच पिकली पानं बूट घालून आत चकरा मारत असायची. दोन-तीन दिवसांत एकमेकांना हात करण्याइतकी ओळख झाली. मधल्या चौकात सोनेरी धातूची दोन उंच झाडं उभी आहेत. हॅरी बर्टोया या शिल्पकाराची ही झाडं मॉलइतकीच जुनी. तिथे बसून दम खायचा आणि पुन्हा निघायचं, असा माझा नेम झाला.

मग खोदून वाचायची सवय आहे म्हणून वाचत गेलो. हा मॉल डेटन या मिनीयापोलिसमधल्या नामांकित दुकानदार घराण्याने बांधला. त्यांनी हिशेब मांडला होता, की तिथल्या हवामानात वर्षातले जेमतेम 126 दिवस लोक खुशीने खरेदीला बाहेर पडू शकतात. उरलेल्या दिवसांत थंडी, नाहीतर उकाडा, नाहीतर पाऊस. त्यावर उपाय म्हणून सगळी बाजारपेठच एका छपराखाली घ्यायची. दोन कोटी डॉलर खर्च झाला, 72 दुकानं आली, सुमारे 5,200 गाड्यांची सोय झाली आणि पहिल्याच दिवशी 75,000 माणसं आली. मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. डेटननी आपल्या पक्क्या प्रतिस्पर्ध्याला, डोनाल्डसन्सला, त्याच छपराखाली दुसऱ्या टोकाला मोठं दुकान दिलं. आपल्या बाजारपेठेत कोणी मिठाईवाला समोरच्या मिठाईवाल्याला स्वतःच्या इमारतीत गाळा देईल का?

आराखडा व्हिक्टर ग्रुएन या वास्तुरचनाकाराचा. मूळचा व्हिएन्नाचा, ज्यू. हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर 1938 साली तो निसटला आणि खिशात आठ डॉलर घेऊन न्यूयॉर्कला उतरला, असं सांगतात. व्हिएन्नातले चौक, कॉफीची दुकानं, पायी फिरणारी माणसं त्याच्या डोक्यातून गेली नव्हती. अमेरिकेच्या उपनगरात घर ते गाडी, गाडी ते दुकान, मध्ये माणसाला माणूस भेटतच नाही, हे त्याला खुपायचं. म्हणून साउथडेलच्या मधोमध त्याने बाग केली. कारंजं, माशांचं तळं, एकवीस फूट उंचीच्या पिंजऱ्यात रंगीत पक्षी, बसायला जागा आणि बारा महिने चोवीस अंशांच्या आसपासची हवा. बाहेर शून्याखाली पारा आणि आत चिरंतन वसंत. थोर वास्तुरचनाकार फ्रँक लॉईड राइट यांनी मात्र येऊन नाकं मुरडली. गावच्या रस्त्याचे सगळे दुर्गुण इथे आहेत, मोहकपणा तेवढा नाही, असा त्यांचा शेरा. मला हा शेरा तिरकस वाटतो, पण अगदी खोटाही नाही.

ग्रुएनचा मूळ नकाशा साडेचारशेहून अधिक एकरांचा होता. त्यात राहायची घरं, शाळा, दवाखाना, उद्यान, तळं, सगळं होतं आणि मॉल त्यातला एक तुकडा. बांधला गेला फक्त तो तुकडा. भोवती गाड्यांचं मैदान पसरलं. पुढे देशभर मॉल उगवले तेही तुकडेच. 1954 साली नव्या इमारतींवरचा घसारा, म्हणजे इमारत जुनी होते म्हणून हिशेबात दाखवायची घट, सुरुवातीलाच भरभक्कम लावायची सवलत मिळाल्याने बांधणाऱ्यांना करात घसघशीत फायदा व्हायचा, हेही त्यामागचं एक कारण. मॉलमध्ये शिरलं की काय घ्यायला आलो तेच माणूस विसरतो, या अनुभवाला आज ग्रुएनचंच नाव चिकटलं आहे. त्याला ते मुळीच आवडलं नसतं. 1968 साली तो व्हिएन्नाला परतला, तर तिथेही शहराबाहेर मॉल झाला. शेवटी वैतागून तो म्हणाला, की या अनौरस पोरांची पोटगी मी देणार नाही. 1980 मध्ये तो गेला.

आता साउथडेल टिकला कसा? 1992 मध्ये शेजारच्या ब्लूमिंग्टनला अवाढव्य ‘मॉल ऑफ अमेरिका’ उभा राहिला. डेटन मंडळींनीच 1962 साली काढलेल्या ‘टार्गेट’सारख्या स्वस्त दुकानांनीही मॉलचं गिऱ्हाईक ओढलं. पुढे ऑनलाइन खरेदी आली. मोठ्या दुकानावरची डेटन्स ही पाटी जाऊन मार्शल फील्ड्स आली, मग मेसीज. पक्षी कधीच गेले. पण 2014 मध्ये गाड्यांच्या मैदानाच्या एका कोपऱ्यात राहायच्या इमारती झाल्या आणि जेसी पेनी हे जुनं दुकान बंद पडल्यावर त्याच्या जागी 2019 मध्ये मोठी व्यायामशाळा आली. म्हणजे ग्रुएनने कागदावर काढलं होतं ते साठ वर्षांनी, नाइलाजाने का होईना, थोडंथोडं उतरतं आहे. नुसत्या कपड्या-चपलांच्या दुकानांवर भिस्त ठेवली असती तर या मॉलची सत्तरी झाली असती, असं मला वाटत नाही.

आपल्याकडे 1999 साली मुंबईत हाजी अलीजवळ ‘क्रॉसरोड्स’ निघाला तेव्हा आम्ही डोंबिवलीहून सहकुटुंब तो बघायला गेलो होतो. काही खरेदी केली नाही, सरकत्या जिन्यावर मुलांनी चार फेऱ्या मारल्या. तो मॉल आज नाही. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती, तिला फक्त जिना आठवतो.

गेल्या मे महिन्यात इथल्या एका मॉलमध्ये गुडघा धरून पायरीवर टेकलो, तर सुरक्षारक्षक म्हणाला, ‘काका, इथे बसायचं नाही.’ मग कुठे बसायचं, तर वरच्या मजल्यावर, काहीतरी विकत घेऊन. त्या पोराचा दोष नाही, त्याला तसं सांगितलेलं असतं. एवढा मोठा संगमरवर पसरलाय आणि एक बाक नाही! नव्या मॉलला परवानगी देताना नगरपालिकांनी वाहनतळ मोजावा तसे बाकही मोजावेत आणि सकाळी दुकानं उघडायच्या आधी दोन तास ज्येष्ठांना आत चालू द्यावं. बंद पडलेला मॉल पाडण्याआधी त्यात वाचनालय, दवाखाना, पाळणाघर बसतं का, हे निदान एकदा तपासून पाहावं.

मुलीला सांगून ठेवलं आहे, 8 ऑक्टोबरला साउथडेलच्या त्या सोनेरी झाडांखाली बसून फोटो पाठव. गुरुवार आहे म्हणाली, ऑफिस सुटल्यावर जाईन.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली (पूर्व)