कृमिविवर आणि ताणाचा हिशेब

महोदय,
कृमिविवर म्हणजे अवकाशातल्या दोन दूरच्या जागा जोडणारा कल्पित बोगदा. त्यावरचे लेख बहुधा १९३५ च्या आइन्स्टाइन-रोझेन पुलापाशी, म्हणजे अशा बोगद्याच्या पहिल्या गणिती उत्तरांपैकी एकापाशी, सुरू होतात आणि थेट दुसऱ्या दीर्घिकेत उतरतात. मधली अडचण गाळली जाते. फुलर आणि व्हीलर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९६२ मध्येच दाखवलं होतं की तो पूल प्रकाशकिरण पार होण्याआधीच मिटतो.

तो उघडा का राहत नाही? आत शिरणारे किरण एकवटतात, बाहेर पडताना ते फाकले पाहिजेत. साधं द्रव्य किरणांना एकवटतंच. म्हणून मॉरिस आणि थॉर्न यांच्या १९८८ च्या मांडणीत गळ्यापाशी, म्हणजे बोगद्याच्या सर्वांत अरुंद भागापाशी, असं द्रव्य लागतं, ज्यातला ताण त्याच्या ऊर्जाघनतेपेक्षा जास्त असतो; वेगाने जाणाऱ्या निरीक्षकाला त्याची ऊर्जा ऋण दिसते. एक मीटर त्रिज्येच्या गळ्यासाठी हा ताण सुमारे ५ × १०^४२ पास्कल. न्यूट्रॉन ताऱ्याच्या गाभ्यातल्या दाबाच्या कोट्यवधी पट.

'कॅसिमिर परिणामातून, म्हणजे निर्वातातल्या दोन जवळच्या धातूपट्ट्या एकमेकींकडे ओढल्या जातात त्यातून, ऋण ऊर्जा मिळते की!' असं कुणी म्हणेल. मिळते. पण एक मायक्रॉन अंतरावरच्या दोन धातूपट्ट्यांमध्ये दाब भरतो जेमतेम ०.००१३ पास्कल, आणि पट्ट्यांचं स्वतःचं धन वस्तुमान वेगळंच.

ऋण गतिज ऊर्जेचं अदिश क्षेत्र (प्रत्येक बिंदूला फक्त एक संख्या देणारं क्षेत्र) घेऊन एलिस यांनी १९७३ मध्ये दिलेलं उत्तर देखणं आहे, पण डळमळीत: २००२ च्या संगणकीय गणितांत जरा धन ऊर्जा आत सोडली की गळा कोसळून कृष्णविवर होतं, ऋण सोडली की फुगत सुटतो.

२०२२ ची 'क्वांटम संगणकात कृमिविवर' ही बातमी म्हणजे ९ क्यूबिट्सवरचं (क्वांटम संगणकातल्या माहितीच्या मूळ एककांवरचं) अनुकरण होतं. अवकाशाला तिथे कुठेही भोक पडलं नव्हतं.

— एक वाचक, पुणे