दहाचा गोल आणि हरीण

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज परवाच वाचला पण दोन ओळीत उत्तर द्यावं असा तो विषय नाही, म्हणून आज निवांत लिहायला बसलोय. तू म्हणतोस की तिरंदाजीत ५० मीटरवर ८ सेंटीमीटरचा दहाचा गोल (टार्गेटच्या मधलं दहा गुणांचं वर्तुळ) मी रोज मारतो, हरणाची छाती म्हणजे काळीज आणि फुप्फुसं मिळून चांगली वीतभर जागा, ती पण २५-३० मीटरवरून, मग त्यात अवघड काय, शिकारीला आहे तोच बो (धनुष्य) घेऊन येतो. हिशोब तुझा बरोबर आहे रे, मी पण पहिल्या वर्षी अगदी हाच हिशोब केला होता.

आधी बोचं बोलू. तुझा कंपाऊंड, म्हणजे टोकांना चाकं असलेला बो, ३८-४० इंची, पुढे लांबलचक स्टॅबिलायझर (बो स्थिर ठेवणारा दांडा), बाजूला अजून एक, नेम धरायच्या साइटवर मोठं करून दाखवणारी लेन्स. हे सगळं कशासाठी, तर तू सपाट जमिनीवर सरळ उभा असतोस आणि बो जितका जड आणि लांब तितका हात कमी हलतो. जंगलात तू बसलेला असशील, कदाचित झाडावरच्या मचाणावर, गुडघा मध्ये येतो, फांदी मध्ये येते, आणि तो लांब दांडा वळवताना एकदा जरी फांदीला टेकला तर जो काही खट् आवाज होतो तो हरणाला पुरतो. म्हणून शिकारीचा बो ३०-३२ इंचांच्या आसपास, स्टॅबिलायझर हातभर पण नाही, बाणांचा भाता बोवरच बसवलेला. लेन्स काढूनच टाक. पहाटे तिच्यावर धुकं बसतं आणि संधिप्रकाशात तिच्यातून नुसता काळपट ढग दिसतो. त्याऐवजी फायबरच्या चमकणाऱ्या तीन पिना, २०, ३० आणि ४० यार्डाच्या, आणि दोरीवरचा पीप (ज्यातून डोळा लावून बघतो ते कडं) जरा मोठ्या भोकाचा. (हो, इथे शिकारीत सगळे यार्डात बोलतात, सवय करून घे, ३० यार्ड म्हणजे साधारण साडेसत्तावीस मीटर.)

गंमत म्हणजे कंपाऊंड मुळात शिकारीसाठीच जन्माला आला. अमेरिकेतल्या मिसुरीच्या हॉलेस विल्बर अ‍ॅलननी १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ मध्ये ते मिळालं, आणि त्याला हवा होता हरणासाठी जास्त वेगवान बो. म्हणजे टार्गेटवाल्यांनी तो आपल्याकडून नेला आणि त्याला लांब, जड, स्थिर केला.

पाउंडांचं, म्हणजे बो ओढायला किती जोर लागतो त्याचं, सांगतो. स्पर्धेत ६० च्या वर परवानगी नाही, इथे लोक ७० घेतात आणि बऱ्याचदा उगाच घेतात. तू टार्गेटवर बो थोडा वर उचलून ओढतोस तसं इथे चालत नाही, हरीण समोर असताना तो सगळा हातवारा त्याला दिसतो. बसून, बो सरळ समोर धरून, हळूच ओढता आला तरच तो वजनाला बरोबर, नाहीतर पाच पाउंड कमी कर, त्यात कमीपणा काही नाही. मात्र लेट-ऑफ, म्हणजे दोरी पूर्ण ओढल्यावर जेवढा जोर कमी होतो तो, जास्त घे. ८० टक्के असेल तर ७० पाउंडाचे हातात १४ उरतात, आणि ते लागतात, कारण हरीण कधीकधी झुडपाच्या मागे थांबतं आणि तू ओढलेला बो धरून मिनिटभर तसाच. टार्गेटवर एवढा वेळ झाला तर तू बो खाली घेतोस, परत सुरू करतोस. इथे खाली घेणं म्हणजे परत हालचाल.

रिलीज (दोरी पकडून सोडायचं साधन) पण बदल. तुझं ते पाठीच्या ताणावर सुटणारं रिलीज सरावाला राहू दे, चांगली सवय लावतं, पण जंगलात मनगटाला पट्टा असलेलं घे, अंधारात, हातमोज्यात, ते हातातून पडायचा प्रश्न येत नाही.

आता बाण. तुझे बारीक, हलके, वाऱ्यात कमी सापडणारे आणि टोकाला गुळगुळीत पॉइंट. इथले जाड, ४२० ते ५०० ग्रेन (वजनाचं छोटं माप), मागे मोठी पिसं, पुढे १०० किंवा १२५ ग्रेनचं ब्रॉडहेड, म्हणजे पात्यांचं टोक. हे नीट समजून घे, बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही, तो कापतो, आणि जनावर रक्तस्रावाने जातं. म्हणून पातं वस्तऱ्यासारखं धारदार पाहिजे. सरावात मारलेलं ब्रॉडहेड धार न लावता शिकारीला नेऊ नकोस. आणि ब्रॉडहेडची पाती म्हणजे बाणाला पुढच्या बाजूने लावलेले पंखच, बो जराही बिनसलेला असला की मागची पिसं एकीकडे नेतात आणि पुढची पाती दुसरीकडे. मला हे माहीत नव्हतं. साध्या पॉइंटने ३० यार्डावर बाणाला बाण लागायचा, ब्रॉडहेड लावून पहिला मारला तर चार बोटं डावीकडे, दुसरा तसाच, तिसरा तसाच. साइट हलवायची नाही बरं का, रेस्ट (बाण ज्यावर टेकतो ती) हलवायची, ब्रॉडहेड डावीकडे जात असेल तर रेस्ट उजवीकडे, मिलिमीटरपेक्षा कमी, परत मार, परत बघ. मला दोन संध्याकाळी लागल्या. साधा पॉइंट आणि ब्रॉडहेड दोन्ही एकाच ठिकाणी लागायला लागले की मग समज बो जुळला.

आता जे मी आजवर तुला नीट सांगितलं नव्हतं ते सांगतो. पहिल्या वर्षी हरीण ३० यार्डावर, आडवं उभं, जसं पुस्तकात दाखवतात तसं. पण मान ताठ, कान माझ्याकडे. मला ते कळायला हवं होतं. माझा बो साधारण २७० फूट सेकंदाला, म्हणजे बाणाला तिथे पोचायला सेकंदाचा तिसरा भाग, आणि दोरीचा आवाज पोचतो सेकंदाच्या बाराव्या भागात. सावध हरीण आवाज ऐकलं की पळायला आधी पाय दुमडून खाली दबतं. मी पाहिलं ते. पिन बरोबर जागेवर होती, सुटला पण छान, आणि बाण पोचेपर्यंत ती जागा तिथे नव्हती. पाठीच्या वरच्या मांसात लागला. अर्धा तास थांबून माग काढायला गेलो. फुप्फुसाला लागलं असतं तर रक्त गुलाबी, फेसाळ असतं, हे गडद होतं, आधी पानापानावर, मग दहा पावलांवर एक थेंब, मग एका पडलेल्या ओंडक्यावर अंगठ्याएवढा डाग आणि पुढे काहीच नाही. अंधार पडेपर्यंत गुडघ्यावर रांगत पानं उलटत होतो, दुसऱ्या दिवशी परत गेलो. सापडलं नाही. तो डाग अजून डोळ्यासमोरून जात नाही.

तुझा ७ आला तर तू पुढचा १० मारतोस, स्पर्धेच्या ७२ बाणांत तो ७ बुडून जातो, म्हणून तुझा सगळा सराव सरासरी वर नेण्याचा. हरणाला सरासरी नसते. तो एकच बाण, आणि तो पण थंडीत चार तास बसून, एकही सरावाचा बाण न मारता, जाड जॅकेट घालून. म्हणून माझा सराव आता पूर्ण वेगळा आहे. रोज सकाळी उठल्यावर एकच बाण, अंग न तापवता, शिकारीच्याच कपड्यात (बाहीला दोरी घासते का ते तिथेच कळतं, घासली तर बाही बांधून टाक), फोमच्या हरणावर, अंतर आधी डोळ्याने ठरवायचं मग रेंजफाइंडरने (अंतर मोजायच्या यंत्राने) तपासायचं. मारला की वहीत लिहायचं, लागला की नाही. तीस दिवसांचे तीस बाण बघ, मग कळेल तुझं खरं अंतर किती. माझं २५ यार्ड निघालं. ५० मीटरवर दहा मारणाऱ्या माणसाचं! आणि मी त्याच्या पुढे आता मारत नाही, कान ताठ असतील तर २५ च्या आत पण नाही. गेल्या हंगामात चार वेळा बो ओढून तसाच खाली घेतला, पाचव्या वेळी मारला, हरीण साठ पावलांवर पडलेलं मिळालं.

मचाणाचं एक राहिलं. वरून मारताना हात खाली घ्यायचा नाही, कमरेतून वाकायचं, नाहीतर अँकर, म्हणजे ओढलेला हात चेहऱ्याला टेकतो ती जागा, बिघडतो. अंतर पण जमिनीवरचं धरायचं, तिरकं नाही, चांगला रेंजफाइंडर ते स्वतःच काढून देतो. आणि पूर्ण अंगाचा हार्नेस (पडू नये म्हणून बांधायचे पट्टे) जमिनीवरून पाय उचलायच्या आधी अडकवायचा, यावर मी काही ऐकून घेणार नाही.

तर तुझा टार्गेटचा बो घरीच राहू दे, तो बिघडवू नकोस, माझा जुना बो ६० पाउंडावर लावून ठेवतो, ड्रॉ लेंथ (दोरी किती लांब ओढतोस ते माप) तेवढी नक्की कळव, तुझी माझ्यापेक्षा अर्धा इंच जास्त असावी. आणि उद्यापासून सकाळचा तो एक बाण सुरू कर, वही मला आल्यावर दाखव.

तुझाच,
जुना जोडीदार