सात जणांची गाडी, मोकळ्या गाडीचा हिशेब: डिझेल एसयूव्हीच्या खर्चाच्या तक्त्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
मुख्य कार्यालय

विषय: तीन रांगांच्या डिझेल ऑटोमॅटिक एसयूव्हीच्या इंधनखर्चाबाबत विक्रीच्या वेळी दिलेली दिशाभूल करणारी माहिती

महोदय,

दिवाळीच्या तोंडावर आम्ही आपल्या नाशिकमधील अधिकृत वितरकाकडून सात आसनी डिझेल ऑटोमॅटिक गाडी घेतली. गाडी चालायला उत्तम आहे. तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसाचे गुडघे हनुवटीला टेकतात, पण ते आम्ही शोरूममध्ये बसून पाहिले होते, त्याबद्दल काही म्हणणे नाही. अ‍ॅव्हरेज कमी पडते एवढ्यासाठीही मी हे पत्र लिहीत नाही. माझी तक्रार आहे ती विक्रीच्या टेबलावर आमच्या हातात दिलेल्या एका छापील कागदाबद्दल.

आम्ही पेट्रोल घ्यावी की डिझेल, यावर अडलो होतो. डिझेलची किंमत जास्त, त्यात महाराष्ट्रात डिझेल गाडीला रस्ता करही पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त. सगळे धरून फरक १ लाख ८० हजारांचा होत होता. तेव्हा आपल्या विक्री प्रतिनिधीने कंपनीचे बोधचिन्ह असलेला तक्ता पुढे सरकवला. डावीकडे पेट्रोल, उजवीकडे डिझेल. पेट्रोलचा दर १०४ रुपये, अ‍ॅव्हरेज ८.५, म्हणजे किलोमीटरला १२ रुपये २४ पैसे. डिझेलचा दर ९१, अ‍ॅव्हरेज १६.२, म्हणजे ५ रुपये ६२ पैसे. किलोमीटरमागे साडेसहा रुपयांची बचत, सुमारे २७ हजार किलोमीटरमध्ये जादा पैसे वसूल. “काका, दोन वर्षांत डिझेल फुकट पडतं बघा,” असे तो म्हणाला. आम्ही डिझेल बुक केली.

घरी आल्यावर माझ्या पुतणीने तो कागद नीट वाचला. (ती अकाउंट्समध्ये आहे, तिला असल्या गोष्टी लगेच दिसतात.) पेट्रोलच्या ८.५ खाली बारीक अक्षरात ‘शहरातील प्रत्यक्ष वापर’ असे छापले आहे. डिझेलच्या १६.२ खाली काहीच नाही. तो आकडा आपल्या माहितीपत्रकातला, प्रयोगशाळेतल्या चाचणीचा प्रमाणित आकडा आहे. म्हणजे एका बाजूला रस्त्यावरची गाडी आणि दुसऱ्या बाजूला रोलरवरची गाडी उभी करून आपण बचत काढली. दोन्हीकडे रस्त्यावरचे आकडे घेतले असते, किंवा दोन्हीकडे चाचणीचे, तर मला एक अक्षर बोलायला जागा नव्हती.

प्रमाणित आकडा कसा निघतो हे आपल्याला सांगायची गरज नाही, पण आपल्या वितरकाला ते माहीत नसावे असे दिसते, म्हणून लिहितो. गाडी रोलरवर ठरावीक वेगक्रमाने चालवतात. ते चक्र वीस मिनिटांच्या आतबाहेर संपते, वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. सात माणसे, त्यांच्या बॅगा, कसारा घाटाचा चढ, द्वारका चौकातला पाऊण तासाचा खोळंबा यांपैकी त्यात काही नसते. गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला अशी चाचणी लागतेच, तिच्याशी माझे भांडण नाही. पण तिचा आकडा ‘तुमचा महिन्याचा खर्च’ म्हणून छापणे वेगळे.

आता रस्त्यावरचे. टाकी ऑटो कटपर्यंत भरून, एकाच पंपावर, पावत्या ठेवून काढलेले अ‍ॅव्हरेज शहरात १०.६ पडते. समृद्धीवरून सहकुटुंब नागपूरला गेलो, एसी चालू, वेग शंभर-एकशे दहा, तेव्हा १२ च्या जरा वर. दोघेच असताना, ८० च्या स्थिर वेगाने साडेचौदापर्यंतही गेले आहे. म्हणजे गाडीत बिघाड नाही, हे मीच आपल्याला लिहून देतो. उंच, जड गाडीला वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, शहरात दर सिग्नलला दोन टनांचे धूड शून्यापासून हलवावे लागते. यात नवल काही नाही. १०.६ ने किलोमीटरला ८ रुपये ५८ पैसे होतात. पेट्रोलशी फरक साडेसहाचा नव्हे, साडेतीनचा. वसुली २७ हजारांत नव्हे, ५० हजार किलोमीटरच्या घरात.

त्यातही डीईएफ धरलेले नाही. आमच्या बीएस ६ (धुराच्या प्रदूषणाच्या सध्याच्या नियमांतल्या) डिझेल गाडीला धूर साफ करायला हे युरियाचे द्रावण लागते आणि ते संपले तर एकदा बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू होत नाही, हे आम्हाला प्रथम कळले ते इगतपुरीजवळ, डॅशबोर्डवर इशारा आला तेव्हा. आमचे मामा शेतकरी, ते म्हणाले, पोतं आणू का घरून? हसण्यावारी गेले, पण आपल्या तक्त्यात डीईएफचा रकानाच नाही. रक्कम फार मोठी नाही, हे मान्य. तरी खर्च म्हटला की खर्च.

डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, प्रकार याहून गंभीर वाटतो. प्रतिनिधीने रोजचे रनिंग विचारले होते. आम्ही सांगितले, गंगापूर रोडवरून शाळा, शाळेतून सातपूर, संध्याकाळी परत, महिन्याला हजार-बाराशे. हे त्याने त्याच तक्त्याच्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने लिहिले आहे. इतक्या छोट्या फेऱ्यांत फिल्टर पुरेसा तापत नाही, काजळी साठते, ती जाळायला गाडी जादा डिझेल ओतते आणि मध्येच गाडी बंद केली की ते काम अर्धवट राहते. असा वापर असणाऱ्या ग्राहकाला डिझेल घेताना याची कल्पना देणे हे विक्रेत्याचे काम होते. त्याऐवजी सर्व्हिस सेंटरने नंतर फिल्टरची काजळी मशीन लावून जाळण्याचे वेगळे पैसे घेतले, शिवाय अ‍ॅव्हरेज वाढेल म्हणून इंजेक्टर क्लीनिंग गळ्यात मारले. अ‍ॅव्हरेज होते तिथेच आहे.

आणि उत्तर काय मिळाले? “सर, सिटीत एवढंच पडणार, लाँगला काढा.” एकाच इमारतीत खाली १६.२ विकतात आणि मागच्या वर्कशॉपमध्ये १०.६ ला नैसर्गिक म्हणतात. हेच वाक्य विक्रीच्या टेबलावर कोणी का बोलले नाही? डॅशबोर्डवरचा आकडाही टाकीच्या हिशेबापेक्षा सातत्याने दीड-पावणेदोनने जास्त दिसतो, त्यावर तर कोणी बोलायलाच तयार नाही.

माझ्या मागण्या अवास्तव नाहीत. गाडी परत घ्या असे मी म्हणत नाही. आपल्या अभियंत्याने माझ्यासोबत, माझ्या नेहमीच्या रस्त्यावर, टाकी ते टाकी चाचणी घ्यावी आणि निकाल सहीशिक्क्याने द्यावा. डॅशबोर्डवरचा आकडा तपासून दुरुस्त करावा. फिल्टर व इंजेक्टरच्या नावाखाली घेतलेली रक्कम परत करावी. पेट्रोल आणि डिझेल गाडीच्या किमतीतल्या फरकाची भरपाई किती द्यावी, ते आपणच आपल्या तक्त्यातला डिझेलचा आकडा बदलून काढावे. आणि तो तक्ता सर्व वितरकांकडून मागे घ्यावा. ही शेवटची मागणी मला सर्वांत महत्त्वाची आहे, कारण मागच्या शनिवारी तोच कागद शोरूमच्या टेबलावर दुसऱ्या कुटुंबापुढे ठेवलेला मी पाहिला.

केरळमध्ये त्रिशूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाने २०२२ मध्ये अशाच प्रकरणात तज्ज्ञाकडून गाडी रस्त्यावर चालवून घेतली, जाहिरातीतल्या लिटरला ३२ किलोमीटरऐवजी विसाच्याही आत आकडा आला आणि ग्राहकाला तीन लाखांहून अधिक भरपाई मिळाली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मला तक्रार माझ्या राहत्या जिल्ह्यात, नाशिकमध्येच करता येते. हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी तक्ता, पंपाच्या पावत्या आणि सर्व्हिसची बिले घेऊन जिल्हा आयोगाकडे जाईन.

या सर्वांच्या प्रती आणि गाडीच्या नोंदणीची प्रत सोबत जोडली आहे. मूळ तक्ता माझ्याकडे आहे.

आपला,
(सही)
नाशिक