फवारणीआधी पाय मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मार्गशीर्षात आमच्या सोसायटीच्या गच्चीवरील मुळ्याच्या पानांना भोके पडू लागली, तेव्हा फवारणीसाठी आलेल्या माणसाने कुंड्यांबरोबर कठड्यालगतचे कोळ्याचे जाळेही औषधाने भिजवून टाकले. त्याच्या लेखी दोन्ही किडेच होते. पुण्यात गच्चीवर भाजी लावणाऱ्या अनेकांचा हाच समज दिसतो, म्हणून हे पत्र.

पाने खात होती ती अथालिया प्रॉक्सिमा, म्हणजे मोहरीवरील करवती माशीची अळी. नावात माशी असली तरी हा कीटक मुंग्या-मधमाश्यांच्या गणातला. मादीला नांगी नसते. पोटाच्या टोकाशी असलेल्या करवतीसारख्या दातेरी अवयवाने ती पानाची कड चिरते आणि आत अंडी घालते. अळी काळपट हिरवी असून बोट लागताच अंगाची गुंडाळी करून खाली पडते व मेल्यासारखी निपचित राहते. भिंगाखाली मी तिचे पाय मोजले, तर छातीशी तीन जोड्या आणि पोटाखाली मांसल पायांच्या तब्बल आठ जोड्या भरल्या. फुलपाखरे व पतंग यांच्या अळ्यांना पोटाखाली सहसा पाचच जोड्या असतात. हा फरक क्षुल्लक नाही, कारण अळ्यांसाठी सर्रास विकले जाणारे बीटी कुर्स्टाकी हे जिवाणू-औषध पतंगवर्गीय अळ्यांसाठी आहे. या अळीवर ते वाया जाते.

जाळे होते ते अर्जिओपे जातीच्या कोळ्याचे. पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांची मादी आठ पाय जोडीजोडीने जुळवून, डोके खाली करून, जाळ्याच्या मधोमध फुलीसारखी बसली होती आणि पायांच्या रेषेत पांढरी नागमोडी वीण होती. कोळी कीटक नव्हेच. त्याला पंख नाहीत, मिशा नाहीत, अळीची अवस्था नाही. अंड्यातून निघतो तो इवलासा कोळीच. रेशीम मात्र दोघांकडेही असते. अळी तोंडातून धागा काढून मातीत कोष विणते, कोळी पोटाच्या टोकाकडून. त्याच्या जाळ्यात कधी मधमाशीही सापडते, हे मान्य. पण तो पानाला तोंड लावत नाही आणि नाकतोडे, माश्या फस्त करतो.

चार-पाच कुंड्यांसाठी फवारणीची गरजच नसते. सकाळी अळ्या पानांवर असतात, त्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या की पुरते. यंदा जाळ्यांवर औषध मारू नये, अशी लेखी विनंती मी आमच्या सोसायटीला केली आहे. इतर सोसायट्यांनीही फवारणीचे काम देताना ही अट घालावी.

आपला,
एक वाचक, सहकारनगर, पुणे