कंबोडियाला निघालेल्या मित्रास

खानापूर (बेळगाव),
रविवार दुपार

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज परवा रात्री वाचला. कंबोडिया, सिएम रीप, दोन आठवडे मुलांना इंग्रजी शिकवायचं, सुट्टीच्या दिवशी अंगकोर वाटचं देऊळ बघायचं, आणि एवढ्यासाठी लाखाच्या वर फी. खाली तुझं नेहमीचं, "येतोस काय? तुला अनुभव हाय की." फोन केला असता तर दुसऱ्या मिनिटाला भांडण लागलं असतं, म्हणून पत्र लिहायला बसलोय. सकाळपासून पावसाने झोडपलंय, लाईट गेलीय, वेळच वेळ आहे.

अनुभव म्हणजे तो नेपाळचा. 2017 च्या नोव्हेंबरात सिंधुपाल्चोक जिल्ह्यातल्या एका डोंगरगावात तीन आठवडे शिकवायला गेलो होतो. फोटो तू पाहिलेस. बाकीचं मी कुणाला फारसं सांगितलं नाही, कारण त्यात माझीच फजिती आहे.

पहिल्याच शनिवारी अंघोळ करून, भांग पाडून शाळेत हजर झालो तर कुलूप. नेपाळात तेव्हा सुट्टी शनिवारची, रविवारी शाळा भरायची. मी ज्यांच्या घरी राहत होतो ते तिथले मास्तर आधी खूप हसले. मग म्हणाले, "भूकंपसुद्धा शनिवारीच झाला." 25 एप्रिल 2015, दुपारी बाराच्या सुमारास, 7.8 तीव्रतेचा. दगडमातीची शाळा पूर्ण बसली, आणि आत एकही पोर नव्हतं. पुढे ते काही बोलले नाहीत. मी गेलो तेव्हाही वर्ग पत्र्याच्या आणि बांबूच्या शेडमध्येच भरायचे. फळ्यावर तारीख असायची कार्तिक 2074. त्यांचं विक्रम संवत, म्हणजे मी आपोआप सत्तावन्न वर्षांनी म्हातारा.

लिपी देवनागरी, त्यामुळे सुरुवातीला मला फार सोपं वाटलं. जिल्ह्याच्या ठिकाणी, चौताऱ्याला, 'जिल्ला शिक्षा कार्यालय' अशी पाटी बघून एकटाच हसत सुटलो. त्यांच्याकडे शिक्षा म्हणजे शिक्षण. आपल्याकडे तर शाळा आणि शिक्षा या दोन्हींसाठी एकच गुरुजी पुरायचे! पण मुलांचं पुस्तक मी घडाघडा वाचायचो आणि अर्थ लागायचा निम्माच. मुलं घरी तामाङ बोलायची, पुस्तक नेपाळीत, आणि मी शिकवायला निघालो इंग्रजी. म्हणजे तिसरीतल्या पोराने तिसरी भाषा शिकायची, ती ज्याला त्याच्या पहिल्या दोन्ही येत नाहीत अशा माणसाकडून.

आता वहीचं सांगतो. पहिल्या दिवशी एका मुलाची वही चाळली. पहिल्या पानावर ए बी सी डी, मग माय नेम इज, मग नाक-कान-डोळे. चार पानं कोरी. पुन्हा ए बी सी डी, माय नेम इज, नाक-कान-डोळे. असं तीनदा. वरची नमुन्याची ओळ प्रत्येक वेळी वेगळ्या हाताची, एक तर डावीकडे झुकलेली. माझ्याआधी येऊन गेलेले तिघे स्वयंसेवक, दुसरं काय. आणि मी आदल्या रात्री मोठ्या हौसेने काय तयार करून ठेवलं होतं? ए बी सी डी आणि माय नेम इज.

तुला आपली पाचवी आठवते? कन्नड विषयाला वर्षात तीन शिक्षक बदलले आणि तिघांनीही अ आ इ ई पासून सुरुवात केली. त्या पुण्याईवर मला आजही बसची पाटी वाचता येते, पण तहसीलमधला अर्ज भरायला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. ती वही हातात घेतली तेव्हा मला आपला बाक आठवला.

तिथे माझा खरा उपयोग झाला तो रात्री, चुलीजवळ. मास्तर आठवीचं इंग्रजीचं पुस्तक घेऊन बसायचे. पुढच्या सहा महिन्यांचे धडे आम्ही एकेक करून वाचले, उच्चार, अर्थ, कुठला प्रश्न कसा विचारायचा. ते पेन्सिलीने शब्दांच्या डोक्यावर नेपाळीत लिहून घ्यायचे. मी गेल्यावर वर्गात उभे राहणार होते ते. अजूनही कधीतरी त्यांचा व्हॉइस मेसेज येतो, "सरजी, यो शब्द?" तीन आठवड्यांत माझ्याकडून हिशेबाला धरण्यासारखं एवढंच झालं.

निघताना त्याच वहीवाल्या पोराने विचारलं, "सर, फेरि कहिले आउने?" परत कधी येणार. मी म्हणालो, पुढच्या तिहारला. तिहार म्हणजे आपली दिवाळी. त्यानंतर कितीतरी दिवाळ्या झाल्या. मी गेलो नाही. बोलायचं म्हणून बोललो होतो, त्याने मात्र ऐकलं होतं.

आता तुझं कंबोडिया. जाहिरातीत ते 'चिल्ड्रन्स होम' म्हणतात, म्हणजे अनाथाश्रम, हे तू नीट वाचलंस काय? युनिसेफने हे वारंवार सांगितलंय की तिथल्या अशा आश्रमांतल्या साधारण चारातल्या तीन मुलांचे आई किंवा बाप जिवंत आहेत. बघायला आणि शिकवायला पाहुणे येतात, पाहुण्यांबरोबर पैसा येतो, मग आश्रम भरलेला ठेवावा लागतो. गरीब घरातलं पोर शिक्षणाच्या नावाखाली तिथे येऊन पडतं. नेपाळातही भूकंपानंतर हीच भीती होती. सगळेच तसे असतात असं नव्हे, पण दोन आठवड्यांत तुला कसं कळणार? तिथे जाऊ नकोस, एवढं मात्र मी मित्र म्हणून हट्टाने सांगतो. दोन आठवडे गळ्यात पडायचं आणि मग विमान पकडायचं, त्या पोरांच्या वाट्याला हे किती वेळा?

तू म्हणशील, मग कुणी जाऊच नये काय? जावं की. अमेरिकन सरकारची पीस कोअर ही संस्था 1961 पासून परदेशात स्वयंसेवक पाठवते, पण आधी साधारण तीन महिने भाषा घोटून घेतात आणि मग दोन वर्षं ठेवतात. राजकारण काय असेल ते असो, मुदत बघ. तुला दोन वर्षं जमत नाहीत, मलाही नाहीत. तेव्हा अंगकोर वाट बघायला जा, पोटभर बघ, गाईडला चार पैसे जास्त दे. ख्मेर अक्षरं जवळून बघ, ती दक्षिणेतल्या पल्लव लिपीतून गेलेली आहेत, आपल्या कन्नडची लांबची चुलत भावंडं. फक्त शिकवायचं पॅकेज सोड.

आणि शिकवायची खाज असेलच तर इकडे ये. कणकुंबीच्या वाटेवर जंगलातल्या एका सरकारी मराठी शाळेत मी दर शनिवारी सकाळी जातो. पहिली ते पाचवी, मुलं एकोणीस, शिक्षक दोन, त्यातल्या बाई अतिथी, म्हणजे तात्पुरत्या शिक्षिका. एक जण मिटिंगला किंवा कागदपत्रं घेऊन बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला गेला की पाचही वर्ग दुसऱ्याच्या अंगावर. घरी कोकणीच्या वळणाची बोली, पुस्तकात वेगळी मराठी, बाजारात कन्नड. सिंधुपाल्चोकच की हे! फरक एवढाच की इथे मला तिन्ही थोड्या थोड्या येतात. मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता कुणाला अक्षर येतं, कुणाला शब्द, कुणाला उतारा, असे गट करून बसवतो. मुंबईच्या 'प्रथम' या शिक्षणसंस्थेची ही रीत, माझी नव्हे. आणि निघायच्या आधी बाईंच्या वहीत लिहून ठेवतो, कोण कुठपर्यंत आलं. सोमवारी त्या तिथूनच पुढे धरतात. माझं पुन्हा पहिलं पान नको.

पावसात साकवावरून पाणी जातं, दोन शनिवार बुडतात. तू पुण्याहून महिन्यातून एकदा जरी आलास तरी चालेल, पण मग वर्षभर. चॉकलेटं आणू नकोस, बाई रागावतात. कुंदाही आणू नकोस, तो बेळगावातच घेऊ.

गेल्या शनिवारी तुझा फोटो मोबाईलवर बघून तिसरीतल्या एका मुलीने विचारलं, हा कम्प्युटरवाला मामा येणार काय, कधी? मी तिला तारीख सांगितलेली नाही. तू नक्की केल्याशिवाय सांगणारही नाही.

तुझाच,
खानापूरकर